अंधारातली वीस मिनिटं : डोळे तपासणाऱ्या सर्वांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातले नेत्रतज्ज्ञ, ग्रामीण रुग्णालयांतले नेत्रचिकित्सा अधिकारी, चष्म्याच्या दुकानांत नंबर काढणारे माझे ऑप्टोमेट्रिस्ट बंधू-भगिनी, आणि शाळा-अंगणवाड्यांतून फिरणारी बाल स्वास्थ्य पथकं यांना,

सप्रेम नमस्कार.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. गेली चौदा वर्षं मिरजेत ईआरजीचं, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची वीज मोजण्याचं मशीन चालवते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येतात. चिठ्ठीवरची तारीख मी बघते आणि मग घरच्यांना विचारते, हे केव्हापासून आहे? या दोन तारखांत बहुतेक वेळा पाच-सहा वर्षांचं अंतर निघतं, कधी दहाचं. हे पत्र त्या अंतराबद्दल आहे.

आमच्या तपासणीच्या खोलीला खिडकी नाही. दाराच्या फटीलाही आम्ही काळा पडदा लावला आहे. थेंब घालून बाहुल्या मोठ्या झाल्या की दार लावून वीस मिनिटं अंधारात बसायचं. उजेडानं थकलेल्या दंडपेशींना, म्हणजे पडद्यातल्या अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींना, पुन्हा ताज्या व्हायला निदान तेवढा वेळ द्यावा, असा या तपासणीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मूल लहान असेल तर आई किंवा आजी सोबत बसते. अंधारात माणसं वेगळी बोलतात. डॉक्टरांसमोर तीन मिनिटांत जे सांगायचं राहून गेलेलं असतं, ते तिथे बाहेर येतं.

मागच्या वर्षी जत भागातला एक अकरा वर्षांचा मुलगा आला होता. (ओळख पटू नये म्हणून या पत्रातल्या सगळ्यांची गावं आणि वयं थोडी बदलली आहेत.) चार्टवरची शेवटची ओळ त्यानं दोन्ही डोळ्यांनी धडाधड वाचली. आत अंधारात बसल्यावर आई म्हणाली, "ताई, दिवसा पोरगं सुईत दोरा ओवून देतंय मला. दिवेलागणीला मात्र उंबऱ्याजवळची चप्पल घावत न्हाई." शाळेत त्याचं नाव वेंधळा पडलेलं. जत्रेत पालखीमागं चालताना दोनदा पडला, तर चुलत्यानं मुस्काटात मारली, बघून चाल म्हणून. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकीकडे नंबर नाही म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे अ जीवनसत्त्वाचं औषध सहा महिने दिलं. तिसरीकडे सांगितलं, अभ्यास टाळायला नाटक करतोय. आई हे सांगत होती तेव्हा तो मुलगा काहीच बोलत नव्हता. त्यानं माझी ओढणी धरून ठेवली होती.

घुमटाच्या आकाराच्या पांढऱ्या वाडग्यासमोर त्याची हनुवटी टेकवली आणि पहिला अगदी मंद फ्लॅश दिला. स्क्रीनवरची रेषा सरळ. दुसरा, तिसरा, चौथा. सरळच. तीव्र फ्लॅशला जरा थरथरली. त्याच्या दंडपेशी जवळजवळ काही बोलतच नव्हत्या, आणि पडदा तपासला तर रक्तवाहिन्या किंचित बारीक, एवढंच. आरपीचे (रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे पडद्याच्या पेशी हळूहळू निकामी होत जाण्याचा आनुवंशिक आजार) पुस्तकात दाखवतात ते हाडाच्या कपच्यांसारखे काळे डाग त्या वयात उठलेलेच नव्हते. म्हणून आधीच्या तिघांना मी दोष देत नाही. टॉर्चनं, चार्टनं किंवा घाईत बघितलेल्या पडद्यानं हा आजार सापडणार नव्हता. तो फक्त विजेत दिसत होता.

तुमच्यापैकी अनेकांनी ही तपासणी शिकताना पुस्तकात वाचली असेल, प्रत्यक्ष पाहिली नसेल. म्हणून थोडं सांगते. पडद्यावर प्रकाश पडला की आधी दंड आणि शंकू (भर उजेडात आणि रंग पाहणाऱ्या) पेशींमधला विद्युतप्रवाह बदलतो आणि रेषा खाली जाते. ती 'ए' लाट. त्यांच्याकडून निरोप घेणाऱ्या द्विध्रुवी पेशी मग उत्तेजित होतात आणि रेषा उसळून वर येते. ती 'बी' लाट. खालच्या पापणीच्या कडेला चांदीचा मुलामा दिलेला, केसाहून बारीक धागा ठेवून आम्ही ही वीज टिपतो. सुन्न करायचा थेंब आधी घातलेला असतो, त्यामुळे दुखत नाही. निरोगी डोळ्यातही ही वीज काही शे मायक्रोव्होल्ट भरते. तीनशे धरली तर भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलच्या पाच हजाराव्या भागाइतकी. शेजारच्या गिरणीची मोटर सुरू झाली की आमच्या रेषेला कंप सुटतो, मग थांबावं लागतं.

पहिला मंद फ्लॅश फक्त दंडपेशींसाठी. त्यानंतरचे तीव्र फ्लॅश दोघींसाठी मिळून. मग दहा मिनिटं घुमटात उजेड ठेवायचा, म्हणजे दंडपेशी दिपून गप्प होतात, आणि त्या उजेडावर फ्लॅश द्यायचा. शेवटी सेकंदाला तीस फ्लॅश. हलगीचा ठेका वाढत गेला की लेझीमच्या फडातली थकलेली माणसं एकेक करून बाजूला होतात आणि दमाची पोरं तेवढी टिकतात, तसं इथे होतं. तीसच्या वेगाला दंडपेशी टिकत नाहीत, साथ देतात त्या फक्त शंकूपेशी. एका तासात आपल्याला कळतं की पडद्यातलं कोण काम करतंय, कोण थांबलंय, आणि पेशीच निकामी आहेत की पेशीपासून पुढे जाणारा निरोप अडलाय. डोळ्यात नुसतं बघून यातलं शेवटचं कधीच कळत नाही.

ही काही नवी जादू नाही. १८६५ साली स्वीडनच्या होल्मग्रेननं बेडकाच्या डोळ्यात ही वीज पहिल्यांदा पाहिली. ज्या आइन्थोव्हेनचा ईसीजी आज प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात काढतात, त्यानंच १९०८ मध्ये जॉली या सहकाऱ्याबरोबर या लाटांना ए, बी, सी अशी नावं दिली. रॅग्नार ग्रानिटनं त्या लाटा सुट्या करून दाखवल्या, १९६७ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. जगभर सगळ्यांनी एकाच पद्धतीनं तपासणी करावी म्हणून १९८९ मध्ये पहिली प्रमाण पद्धत ठरली. छातीत दुखलं तर ईसीजी काढल्याशिवाय आपण कुणाला घरी पाठवत नाही. रात्री दिसत नाही म्हणणाऱ्या मुलाला मात्र सहज पाठवतो.

आता दुसरी गोष्ट सांगते, कारण ईआरजी म्हटलं की वाईट बातमीच, असा समज तुमच्यातही आहे आणि त्या भीतीनंही चिठ्ठी लिहिली जात नाही.

वाळवा तालुक्यातले दोन भाऊ, नऊ आणि तेरा वर्षांचे. दोघांना जाड चष्मा, दोघांना रात्री दिसत नाही. कुणीतरी त्यांच्या वडिलांना सांगून ठेवलं होतं की हा आरपी आहे, तिशीपर्यंत दोघं आंधळे होतील. वडिलांनी थोरल्याला शाळेतून काढायचं ठरवलं होतं. आंधळ्याला शिकवून काय करायचं, त्यापेक्षा दिसतंय तोवर गोठ्यातलं काम हाताखाली घालू, असा त्यांचा हिशोब. माणूस निर्दयी नव्हता. दोन मुलांच्या काळजीनं पिचलेला होता.

थोरल्याला तीव्र फ्लॅश दिला आणि रेषा झपकन खाली गेली, खोल, निरोगी माणसासारखी. आणि वर आलीच नाही. ए लाट भरपूर, बी लाट नाही. म्हणजे पेशी जिवंत आहेत, प्रकाश पकडतायत, पुढचा निरोप अडलाय. तीसच्या फ्लॅशला शंकूपेशींनी ठीक साथ दिली. धाकट्याचं चित्र हुबेहूब तेच. जन्मजात, न वाढणारा रातांधळेपणा. मी आईला विचारलं, माहेरी कुणाला असं होतं? तिच्या वडिलांना. ते किती वर्षं जगले? ऐंशीच्या पुढं. दिवसा दिसायचं? ती म्हणाली, "शेवटपर्यंत पेपर वाचत हुते की." तिच्या वडिलांच्या त्या पेपरवाचनात अर्धं निदान होतं आणि तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी वडिलांना समोर बसवून सांगितलं की ही मुलं आंधळी होणार नाहीत, रात्रीची अडचण राहील, दिवसाची नजर आज आहे तशीच टिकेल. तो माणूस पार्किंगमध्ये मोटारसायकलला टेकून बराच वेळ रडत उभा होता. थोरला आता अकरावीला आहे.

नाव वेगळं ठरलं की आयुष्य वेगळं ठरतं. जतचा मुलगा आणि वाळव्याचे भाऊ तिघंही एकच वाक्य घेऊन आले होते, "रात्री दिसत नाही." चार्टवर किंवा टॉर्चमध्ये तिघांत फरक दिसला नसता.

तासगावकडची एक चार वर्षांची मुलगी मला कायम आठवते. आई बेदाण्याच्या शेडवर प्रतवारीचं काम करायची. हिरव्या जाळीखाली मुलगी दिवसभर खुशाल खेळायची. बाहेर उन्हात आणली की डोळे गच्च मिटून आईच्या कंबरेत तोंड खुपसायची. लोक म्हणायचे लाडावलीय. नजर हलती, रंग सांगता येईनात. तिच्या दंडपेशींची लाट देखणी आली. तीसच्या फ्लॅशला रेषा एकदम सपाट. शंकूपेशी जन्मापासूनच काम करत नव्हत्या. यावर गोळी नाही. पण लालसर गडद काचेचा चष्मा, कडेनं झाकणारा, डोक्यावर टोपी, वर्गात खिडकीकडे पाठ करून पहिल्या बाकावर जागा, आणि शिक्षकांना एक चिठ्ठी की रंगांवरून हिला काही ओळखायला सांगू नका. त्या चष्म्यानंतर ती पहिल्यांदा अंगणात डोळे उघडे ठेवून उभी राहिली, असं आईनं पुढच्या खेपेला सांगितलं.

आणि तान्ही बाळं. सहा-आठ महिन्यांचं बाळ नजर लावत नाही, डोळे भिरभिरतात, मूठ सारखी डोळ्यात खुपसतं. पडदा बघावा तर बरा दिसतो. दोष मेंदूत आहे की पडद्यात, हे ईआरजीशिवाय नीट सांगता येत नाही. पहिल्या काही महिन्यांत लाटा मुळातच छोट्या असतात, म्हणून वर्षाच्या आसपास तपासणी पुन्हा करावी लागते. पण रेषा खरोखरच सपाट असली, तर लेबर या डॉक्टरांच्या नावानं ओळखला जाणारा पडद्याचा जन्मजात आजार समोर येतो. त्याच्या अनेक जनुकीय प्रकारांपैकी आरपीई-६५ या जनुकाच्या दोषावर अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जनुकोपचाराला मान्यता मिळाली. तेव्हा किंमत होती दोन डोळ्यांचे साडेआठ लाख डॉलर. आकडा ऐकून तुम्ही पान उलटाल, मीही तेव्हा तेच केलं होतं. पण औषधं स्वस्त होतात, नवी येतात, अभ्यासात मुलं घेतली जातात, आणि त्या वेळी पडद्यात काही जिवंत पेशी उरलेल्या असाव्या लागतात. ज्या बाळाच्या आजाराचं नाव कुठे नोंदलेलंच नाही, त्याला कोण बोलावणार?

जनुक तपासणीमुळे आता ईआरजी कशाला, असं एका तरुण डॉक्टरांनी मला विचारलं. पडद्याच्या आनुवंशिक आजारांशी जोडलेली जनुकं अडीचशेहून जास्त आहेत. रिपोर्ट पुष्कळदा अर्थ न लागलेला एखादा बदल हातात ठेवतो. तो बदल खरा दोषी आहे का, हे ठरवायला पडद्याचं वागणं माहीत लागतं. हैदराबाद-चेन्नईच्या मोठ्या संस्थांतही ही दोन्ही कागदपत्रं शेजारी ठेवूनच बघतात.

एक कळकळीची विनंती रिपोर्टच्या भाषेबद्दल. आरपीमध्ये लाटा मशीनला टिपता येईनाशा झाल्या की रिपोर्टवर 'एक्स्टिंग्विश्ड' असं छापलेलं असतं. घरातलं शिकलेलं पोर मोबाइलवर अर्थ बघतं, विझलेला. आणि घर बसतं. आटपाडीच्या एका बाईंनी हा शब्द वाचून शिवणकाम बंद केलं. त्या दिवशी त्यांची नजर ६/९, म्हणजे जवळजवळ पूर्ण, होती. ही ईआरजी सबंध पडद्याची मिळून वीज मोजते. मधोमध उरलेलं छोटंसं बेट चांगलं असलं तरी त्याची वीज इतकी थोडी की रेषेत उमटत नाही. त्या बेटावर माणूस कित्येक वर्षं वाचू, लिहू, शिवू शकतो. हे वाक्य तुम्ही रिपोर्ट देताना तोंडानं सांगा. आम्ही सांगतोच, पण तुम्ही त्यांच्या गावातले आहात, तुमचं ऐकतात.

याची उलट बाजूही आहे. नजर खालावतेय आणि ईआरजी नॉर्मल, म्हणून पोरगी ढोंग करतेय असा निष्कर्ष काढू नका. स्टारगार्टसारख्या आजारात बिघाड पडद्याच्या मध्यबिंदूशी असतो, सबंध पडद्याची बेरीज बराच काळ ठीक येते. तिथे पडद्याचे तुकडे पाडून वेगवेगळी वीज मोजणारी मल्टिफोकल ईआरजी किंवा पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, ओसीटी, लागतो. बेस्टच्या आजारात तर ईआरजी चांगली आणि दुसरी तपासणी, ईओजी, बिघडलेली असते. मशीनच्या मर्यादा मी लपवत नाही. म्हणूनच चिठ्ठीवर तुमची शंका लिहिलेली असेल तर काय मोजायचं ते आम्हाला ठरवता येतं.

स्टारगार्टचा विषय निघालाच आहे तर अ जीवनसत्त्वाचं बोलते. रातांधळेपणा म्हटला की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. आपल्या आधीच्या पिढीनं कुपोषणातली आंधळी मुलं पाहिली आहेत, त्यामुळे ही सवय कुठून आली ते मला कळतं. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही दंडपेशींची लाट बसते, आणि औषध दिलं की ती पुन्हा उठते. मग ती उठली का, हे बघायला नको? तीन-चार आठवडे दिलं आणि मूल अजूनही अंधारात चाचपडतंय, तर तिसरी बाटली लिहू नका, पुढं पाठवा. स्टारगार्टच्या मुलांना तर अ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या टाळायला सांगतात, कारण पडद्यात साचणाऱ्या घातक द्रव्यात त्यानं भर पडते असं मानलं जातं. नाव न ठरवता दिलेलं औषध निरुपद्रवी असतंच असं नाही.

आता अंधारातल्या त्या वीस मिनिटांत मी सगळ्यात जास्त वेळा जे ऐकलं, ते लिहिते. आया सांगतात, "ताई, पोटुशी असताना गिराण लागलं तवा मी इळीवर भाजी चिरली हुती." कुणी सांगते सासूनं तोंड टाकलं, कुणाचा नवरा दुसरं लग्न करायचं म्हणतो. एकीनं दहा वर्षं हा अपराध कुणालाही न सांगता बाळगला होता. अंधारात मी तिचा हात धरून बसले होते. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही, हे तिला आधी भेटलेल्या चार डॉक्टरांपैकी कुणीही सांगितलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे. माझी आई आत्याच्याच घरात सून म्हणून आली. सासू आत्या असली की पोरीला जो आधार मिळतो तो मी पाहिला आहे, त्यामुळे मी या रीतीला नावं ठेवायला बसलेली नाही. पण तब्येतीचा हिशोब सांगायला हवा. सगळ्यांच्याच अंगात काही सदोष जनुकं गुपचूप असतात, कारण दुसरी चांगली प्रत भागवून नेते. नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडं असली की दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते, आणि दोघांकडे असली तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक मूल आजारी होण्याचा धोका. त्यात जितकी आई तितकाच बाप. सगळे आरपी असे नसतात. काही एका पालकाकडून सरळ उतरतात, काही आईकडून मुख्यतः मुलग्यांत. कुठला प्रकार, हे कळलं तरच पुढच्या बाळाबद्दल किंवा धाकट्या बहिणीच्या लग्नाबद्दल खरं काही सांगता येतं. माझी विनंती एवढीच की आईला खोलीबाहेर ठेवून हे बोलू नका, आणि नवऱ्यासमोर, सासूसमोर "यात हिचा काही दोष नाही" हे शब्द उच्चारा. डॉक्टरच्या तोंडच्या त्या वाक्यानं कितीतरी घरं टिकतील.

आजार दुर्मिळ आहे म्हणाल, तर जगात साधारण चार हजारांत एकाला आरपी असतो असं पुस्तकं सांगतात. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीच्या वरच्या लोकांची पाहणी झाली तेव्हा साडेसातशेत एक निघाला होता. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अठ्ठावीस लाखांवर होती. नागपूरचा आकडा इथे तसाच लावता येणार नाही, पण तुमच्या ओपीडीत हे रुग्ण येऊन जातात, एवढं त्यावरून नक्की समजा.

"इलाज नाही, परत येऊ नका." हे वाक्य ऐकून गेलेली माणसं पंधरा वर्षांनी येतात. कवठेमहांकाळच्या एका ताईंना विशीत हे सांगितलं होतं. अडतिसाव्या वर्षी वाचता येईना, त्या मुकाट्यानं घरी बसल्या, आजार वाढला असेल म्हणून. तपासलं तर आरपीत होतो तसा मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेनंतर त्या पुन्हा मुलीच्या वह्या वाचू लागल्या. आरपीमध्ये पडद्याच्या मध्यावर सूज येते, तिच्यावरही औषधं आहेत. रेफ्सम किंवा अबीटालिपोप्रोटिनेमियासारख्या अगदी थोड्या प्रकारांत आहार आणि जीवनसत्त्वांनी नुकसान खरोखर थोपवता येतं. काठी, टॉर्च, भिंग, बोलणारा मोबाइल हे तर सगळ्यांनाच उपयोगी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजर चांगली असली तरी पाहण्याचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व धरलं जातं. त्यासाठी फील्डची, म्हणजे या घेराची, तपासणी लागते. चार्टवर ६/६ वाचणाऱ्या आरपीच्या मुलाला प्रमाणपत्रासाठी अपात्र ठरवून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे.

कर्णबधिर मुलांच्या शाळांत जाणाऱ्या पथकांना वेगळं सांगायचं आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या काही मुलांत अशर सिंड्रोम असतो, पुढे रातांधळेपणा आणि आरपी येतो. चालायला उशिरा लागलेलं, तोल जाणारं, कर्णबधिर मूल दिसलं की अंधाराबद्दल विचाराच. या मुलांची भाषा हातांची आहे. संध्याकाळी लाईट गेली की त्यांच्यासाठी खोलीतलं सगळं बोलणं थांबतं. ईआरजी लवकर झाली तर शाळेला, आईबापांना पुढची तयारी करायला वर्षं मिळतात.

विचारायचं कसं, तर 'रात्री दिसतं का' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, घरात ट्यूबलाईट असते. मी मुलांना विचारते, लपाछपी खेळताना तुझ्यावर राज्य लवकर येतं का? थिएटरात अंधार झाल्यावर बाबांचा हात धरावा लागतो का? तरुण शेतकऱ्याला विचारते, रात्रपाळीची लाईट आली की मोटर चालू करायला तू जातोस की भावाला पाठवतोस? एका सत्तावीस वर्षांच्या माणसाला त्याचा भाऊ कामचुकार म्हणत असे, याच एका गोष्टीवरून भांडण वाटणीपर्यंत गेलं होतं. आज तो भाऊच त्याला घेऊन येतो.

आता कामाचं. ज्या दिवशी पाठवणार त्या दिवशी आधी पडद्याचे फोटो काढू नका. तीव्र उजेडानं दिपलेला डोळा आम्हाला अर्धा तास नुसता बसवून ठेवावा लागतो, त्यानंतर वीस मिनिटं अंधार. चिठ्ठीवर नुसतं 'ईआरजी' लिहू नका. दोन ओळी पुरेत : अंधारात अडखळतो, चार वर्षांपासून, आई-वडील आत्ते-मामे भावंडं, धाकट्या बहिणीलाही तसंच वाटतं. रिपोर्ट आला की खालचा निष्कर्ष वाचून ठेवून देऊ नका, लाटांचे कागद बघा. काही अडलं तर विचारा, मी आनंदानं समजावून सांगेन. ते कागद रुग्णाच्या फायलीतच राहू द्या, दोन-तीन वर्षांनी पुन्हा मोजल्यावर तुलना करायला तेच लागतात. आणि धाकट्या बहिणीलाही त्याच फेरीत पाठवा, एका दिवसाची मजुरी वाचते.

जत, आटपाडी, शिराळ्याकडून येणाऱ्यांना सकाळची पहिली वेळ द्यायची असं मी ठरवून टाकलं आहे. बारापर्यंत त्यांचं आटोपतं. थेंबांचा अंमल उतरेपर्यंत उन्हात डोळे दिपतात, तेव्हा येताना टोपी किंवा गॉगल आणायला सांगा. दुपारची एसटी मिळाली की दिवेलागणीच्या आत ती घरी पोचतात.

आपली नम्र,
एक ऑप्टोमेट्रिस्ट, मिरज